काळ्या केसांवर शेड का चढत नाही? घरी ओम्ब्रे करण्याआधी हे वाचा

दिवाळीच्या सुट्टीत भाची आली ती हातात हेअर कलरचा डबा घेऊनच. डब्यावरच्या बाईचे केस वरून काळे आणि खाली उतरत उतरत मधासारखे. "मावशी, मी व्हिडिओ बघितलोय सगळं, सोप्पं हाय, खालच्या अर्ध्या केसांना हे चोपडायचं आणि अर्धा तास बसायचं, बास." मी व्हिडिओ बघायला मागितला. त्यातल्या मुलीचे केस मुळातच तपकिरी होते, आणि आमच्या पोरीचे केस रात्रीसारखे काळे, त्यात दोन वर्षांपूर्वी तिच्या ताईच्या लग्नात मेंदी लावलेली. तो डबा तसाच लावला असता तर 400 रुपये मोरीत गेले असते आणि केस जवळजवळ होते तसेच राहिले असते.

मी पार्लरवाली नाही. अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते आणि बरीच वर्षं माझे केस मीच रंगवते. आमच्या कोल्हापुरात राजारामपुरीत, विद्यापीठ रोडला, रंकाळ्यावर संध्याकाळी फिरताना आता दर चारपाच मुलींमागं एकीचे शेंडे रंगवलेले दिसतात, वर्गातल्या मुली पण विचारतात की मॅडम घरी जमतंय का. जमतं. पण आत काय होतं ते कळलं तरच जमतं, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते.

ओम्ब्रे म्हणजे नेमकं काय

ओम्ब्रे हा फ्रेंच शब्द, अर्थ छटा किंवा सावली. केस मुळाशी गडद आणि शेंड्याकडं हळूहळू फिकट, मध्ये कुठंही "इथं संपलं, इथं सुरू झालं" अशी रेघ नाही, एवढंच. आपल्याकडं शेडेड साडी असते ना, पदराकडं गडद आणि निऱ्यांकडं फिकी होत जाणारी, तसंच. बालायाज म्हणतात तो प्रकार याचाच भाऊ, त्यात ब्रशनं एकेक बट सुटी रंगवतात, हात बसलेला लागतो. पहिल्यांदा करणारीनं ओम्ब्रेच करावा.

आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते कारण इथंच सगळ्या फसतात. शेड ही रंगाच्या डब्यातून येत नाही. केसाचा मूळ काळेपणा कुठं किती काढला त्यातून ती येते.

काळ्यावर मधाचा रंग का दिसत नाही

काळ्या कापडावर हळदीचं पाणी ओता, कापड पिवळं दिसेल का? हळद कापडात जाईल पण डोळ्याला काळंच दिसणार. केसांचं तेच. केसाच्या बाहेरच्या अंगाला कौलांसारखी एकावर एक बसलेली खवल्यांची साल असते आणि आतल्या गाभ्यात मेलॅनिन नावाचा नैसर्गिक रंग भरलेला असतो. हा रंग दोन जातीचा, एक काळा-तपकिरी आणि एक लालसर-पिवळा. आपल्या केसांत काळा इतका दाटून असतो की खालचा लालसर दिसतच नाही, उन्हात गच्चीवर उभं राहिलं की तेवढा जरा तांबूस झाक मारतो.

साधा पर्मनंट कलर अमोनिया आणि पेरॉक्साइडच्या जोरावर कधीच न रंगवलेले केस एक-दोन पायऱ्या उजळ करू शकतो. पायऱ्या म्हणजे पार्लरवाले 1 ते 10 मोजतात, 1 म्हणजे कुळकुळीत काळा आणि 10 म्हणजे सगळ्यात फिका पिवळा. आपण बहुतेक जण 1 ते 3 मध्ये. मध रंग आठाच्या आसपास. तीनवरून आठावर डब्यातला कलर नेऊ शकत नाही. आणि आधीच कलर लावलेल्या केसांवर दुसरा कलर लावून फिके करायला गेलात तर तेही होत नाही, कलर कलरला काढत नाही, काढतं ते ब्लीच.

ज्यांना फक्त काळ्यावरून गडद तपकिरी इतकीच शेड हवी आहे त्यांना ब्लीचची गरजच नाही, हे मात्र लक्षात ठेवा. बाथरूमच्या दिव्याखाली ती दिसत नाही, उन्हात छान दिसते, आणि ऑफिसला जाणाऱ्यांना माझ्या मते तीच बरी.

ब्लीच आत जाऊन काय करतं

ब्लीचची पावडर आणि डेव्हलपर असे दोन भाग मिसळायचे असतात. डेव्हलपर म्हणजे क्रीममध्ये घातलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड. मिश्रण अल्कलाइन असतं, त्यानं खवले उघडतात, मग ऑक्सिजन आत शिरून मेलॅनिन मोडतो. काळा रंग लवकर मोडतो, लालसर पिवळा चिवट असतो, तो मागं राहतो. म्हणून केस काळ्यावरून एकदम पिवळे होत नाहीत, वाटेत लाल आणि नारंगी लागतंच, ते काही तुमचं चुकलं म्हणून नसतं.

मार्केट यार्डात गुळाच्या ढेपा बघितल्यात का? काळपट, मग तांबडी, मग नारंगी झाक असलेली, मग पिवळी. आपले केस ब्लीच होताना बरोब्बर याच ओळीनं जातात. काळा गूळ दिसला की पायरी चार-पाच, नारंगी दिसला की सहा-सात, पिवळा धमक दिसला की आठ-नऊ. प्रत्येक पुढच्या ढेपेसाठी केसाला किंमत मोजावी लागते, कारण मेलॅनिन मोडता मोडता केसाला ताकद देणारे आतले जोडही थोडे थोडे तुटतात.

डब्यावरचे 20, 30, 40 हे आकडे

याला वॉल्यूम म्हणतात. 20 वॉल्यूम म्हणजे एक लिटर द्रावणातून 20 लिटर ऑक्सिजन निघू शकतो. टक्क्यांत सांगायचं तर 10 म्हणजे 3 टक्के पेरॉक्साइड, 20 म्हणजे 6, 30 म्हणजे 9 आणि 40 म्हणजे 12. लोकांना वाटतं 40 घेतलं की जास्त छान निघेल. अहो जाळ मोठा केला म्हणून भाकरी चांगली भाजत नाही, वरून करपते आणि आत कच्ची राहते. घरी पहिल्यांदा करताय तर 20 च्या वर जाऊच नका. हळू चढतं म्हणजे थांबायला वेळ मिळतो, आणि या सगळ्यात थांबता येणं हेच महत्त्वाचं आहे.

शेड तयार होते ती हातानं आणि घड्याळानं

आता मुख्य काम. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पोनीटेल बांधली, रबराच्या खाली सगळ्याला सारखं ब्लीच लावलं आणि धुतलं. वर काळं, खाली नारंगी, मध्ये पट्टीनं आखल्यासारखी आडवी रेघ. चार महिने कॉलेजला आंबाडा घालून गेले. चूक ब्लीचची नव्हती, मी सगळीकडं एकच वेळ आणि एकच जाडी दिली होती.

रांगोळीत फुलाच्या पाकळीला शेड कशी देतात ते आठवा. कडेला गडद रंग भरपूर, आत येताना चिमूट हलकी हलकी होत जाते, आणि जिथं दोन रंग भेटतात तिथं बोटानं दाणे इकडंतिकडं विखरून टाकतात. केसांतही तीन गोष्टी कराव्या लागतात. शेंड्याला जास्त माल आणि जास्त वेळ, वर येताना दोन्ही कमी, आणि मधली हद्द विखुरलेली.

हद्द विखरायची युक्ती सोपी आहे. केस आदल्या दिवशी धुतलेले, पूर्ण कोरडे, गुंता काढलेले हवेत. मधोमध भांग आणि कानापासून कानापर्यंत आडवा दुसरा, असे चार भाग करून क्लिपा लावायच्या. मागच्या खालच्या भागातून दोन बोटं रुंदीची बट घ्यायची, शेंड्याला ताणून धरायची आणि बारीक दाताच्या फणीनं उलटं, म्हणजे मुळाकडं ढकलत विंचरायचं. बटेतले आखूड केस वर जाऊन गोळा होतात, लांब केस हातात राहतात. त्या हातात राहिलेल्यांनाच ब्लीच लावायचं. गोळा झालेले केस काळेच राहतात आणि नंतर सोडवले की ते रंगलेल्यांत मिसळतात, त्यामुळं रेघ कुठं पडली हे शोधून सापडत नाही. सगळ्या बटांना अगदी एकाच उंचीवर लावू नका, एक बोटभर वर एक बोटभर खाली असं चालू द्या.

ब्रश आडवा नाही, उभा धरायचा. शेंड्याला दोन्ही बाजूंनी लोण्यासारखं भरपूर, वरच्या बाजूला ब्रशचं नुसतं टोक टेकवत वर उचलायचं. आधी सगळ्या बटांचे शेंडे, 15-20 मिनिटांनी त्याच्या वर दोन बोटं, आणि शेवटच्या पाच-सात मिनिटांत त्याच्याही वर ब्रशमध्ये उरलेलं पुसल्यासारखं. म्हणजे शेंड्याला अर्धा तासाच्या वर मिळाला आणि वरच्या टोकाला पाच मिनिटं, शेड आपोआप झाली. पाकिटावर जो जास्तीत जास्त वेळ दिलाय त्याच्या पुढं एक मिनिटही नाही. दर पाच मिनिटांनी एका बटेवरचं पुसून खालचा रंग बघा. ब्लीच वाळलं की काम थांबतं म्हणून फॉइलमध्ये किंवा क्लिंग रॅपमध्ये सैल गुंडाळून ठेवतात. वरून ड्रायरची गरम हवा मारायची नाही, उन्हातही बसायचं नाही.

मिश्रण बहुतेक पावडरींना एकास दोन असतं, भाचीच्या खालच्या अर्ध्या केसांना 50 ग्रॅम पावडर आणि 100 मिली डेव्हलपर लागला. वाटी प्लास्टिकची हवी, धातूची नको, धातूनं पेरॉक्साइड आधीच बिघडायला लागतं. हातमोजे घालाच. आणि कोंडलेल्या छोट्या बाथरूममध्ये करू नका, पावडरीची धूळ श्वासात जाते, दमा असणाऱ्यांना तर याचा फार त्रास होऊ शकतो. आम्ही मागच्या सोप्यात सावलीत खुर्ची टाकून केलं.

ओम्ब्रेची एक मोठी जमेची बाजू म्हणजे ब्लीच डोक्याच्या कातडीला लागतच नाही. कातडीच्या उबेनं मुळाजवळचे केस भराभर चढतात आणि आगही होते, ते सगळं इथं टळतं. हनुवटीच्या वर जाऊ नका म्हणजे झालं.

आधी एका बटेवर

हे वगळायचं नाही, कितीही घाई असली तरी. फणीत आलेले नकोत, मानेमागून आतल्या बाजूची एक काडीएवढी बट शेंड्याकडून कापा, दोऱ्यानं बांधा आणि तिच्यावर सगळं करून बघा. आम्ही आइस्क्रीमच्या डब्याच्या झाकणावर बट ठेवली. दहा मिनिटांनी पुसली तर काळपट तांबडी, काकवीसारखी. वीस मिनिटांनी विटकरी. पस्तीस मिनिटांनी नारंगी, पण सारखी नाही, खालच्या टोकाला जास्त तांबूस आणि तिथंच अडकून बसलेली. ती मेंदी होती.

भाची म्हणाली, "पण मेंदी तर दोन वर्षं झाली की!" हिशोब करा. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटिमीटर वाढतात. दोन वर्षांत पंचवीस-तीस सेंटिमीटर, म्हणजे फूटभर. तिचे केस वीस इंच, त्यामुळं मुळापासून फूटभर खाली जे काही आहे त्याला मेंदी लागलेलीच आहे, आणि आपण रंगवणार नेमका तोच भाग. शेंडे म्हणजे केसांतले सगळ्यात म्हातारे, सगळ्यात जास्त ऊन, फणी आणि पाणी सोसलेले, हे विसरायचं नाही.

"मेंदी लावली असली तर चालतंय का?"

शुद्ध मेंदीतला रंग केसाच्या प्रथिनाला चिकटून बसतो. ब्लीच होतं, पण नारंगीच्या पुढं जायला फार कुरकुर करतो. तेव्हा अशांनी मधाचा हट्ट सोडून तांबूस किंवा कॅरॅमल शेड घ्यावी, आपल्या गव्हाळ-सावळ्या रंगाला ती शोभतेही जास्त, हे माझं प्रामाणिक मत.

खरा धोका वेगळा. काळी मेंदी, ब्राऊन मेंदी म्हणून जी पाकिटं मिळतात त्यात नुसती मेंदी नसते. काहींत धातूचे क्षार असतात, आणि त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापतात, अक्षरशः गरम होतात आणि तुटून हातात येतात. चाचणीच्या बटेवर मिश्रण लावल्यावर हाताला चटका बसेल इतकी गरम झाली, वेगळाच उग्र वास आला किंवा हिरवट झाली तर तिथंच थांबा. ते केस वाढून कापले जाईपर्यंत ब्लीच नाही.

"नारंगी झाले, आता काय?"

घाबरायचं नाही, अर्धं काम झालंय. आता टोनर, म्हणजे नको असलेली झाक मारणारा हलका रंग. चित्रकलेतलं रंगचक्र आठवतंय का, समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात. नारंगीला निळा, पिवळ्याला जांभळा, लालला हिरवा. म्हणून नारंगी केसांना निळसर झाकेचा टोनर, पिवळ्यांना जांभळा. सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे नारंगी केसांना जांभळा शॅम्पू लावत बसणं, आठवडाभर लावून पण काही होत नाही कारण तो नारंगीसाठी नाहीच. आम्ही नारंगीवर थांबलो आणि त्यावर कॅरॅमल ब्राऊन शेड लावली. खालचा नारंगी त्या तपकिरीला आतून ऊब देतो, मग तो शत्रू राहत नाही.

"अमोनिया-फ्री घेतला की सेफ ना?"

नाही. अमोनियाचं काम खवले उघडायचं, तो काढला की तेच काम करायला दुसरं अल्कलाइन रसायन घालतात, वास कमी येतो इतकंच. ज्याची खरी भीती बाळगायला हवी त्याचं नाव पीपीडी, पॅराफेनिलिनडायअमाइन. गडद पर्मनंट कलरमध्ये बहुतेक हेच असतं, यानंच रंग आत पक्का बसतो. युरोपात डोक्यावर लागताना मिश्रणात याचं प्रमाण 2 टक्क्यांच्या वर चालत नाही. कुणाकुणाला याची अशी ॲलर्जी येते की कपाळ, पापण्या, अख्खा चेहरा सुजतो. आणि ती पहिल्या वेळी येईलच असं नाही, दहा वेळा लावून अकराव्या वेळी येऊ शकते. लग्नात किंवा जत्रेत हातावर झटपट काळी होणारी मेंदी काढतात त्यात बऱ्याचदा हेच मिसळलेलं असतं, एकदा तिच्यामुळं हाताला फोड आले असतील तर पर्मनंट कलरचं नावच काढू नका.

म्हणून कानामागं किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून 48 तास थांबायचं. खाज, लाली, पुरळ काही आलं तर डबा परत कपाटात. भाचीला दोन दिवस थांबणं जड गेलं, पण मी हलले नाही. भुवया आणि पापण्यांना यातलं काहीही कधीच नाही, डोळा जाऊ शकतो.

"मग लिंबू लावून उन्हात बसलं तर? किंवा मेडिकलमधलं पेरॉक्साइड?"

लिंबानं काळे केस ओम्ब्रे होत नाहीत, कोरडे खरखरीत होतात, आणि लिंबाचा रस कातडीला लागून उन्हात गेलं तर डाग आणि फोड येऊ शकतात. मेडिकलमधलं पेरॉक्साइड पाण्यासारखं पातळ, ते जिथं लावाल तिथं न थांबता खाली ओघळतं, मानेवर, कपड्यांवर, आणि शेड तर हद्द सांभाळली तरच होते. क्रीम डेव्हलपर घट्ट असतो तो त्यासाठीच.

"केस खराब होतातच ना?"

होतात, थोडे. ब्लीच झालेला केस परत पहिल्यासारखा होत नाही, कुठलंही तेल, मास्क, सीरम तुटलेलं सगळं जोडत नाही, वरून गुळगुळीत करतं आणि पुढची झीज कमी करतं. पण केसाचं मूळ कातडीच्या आत असतं, तिथं हे पोचत नाही, त्यामुळं नवीन येणारा केस चांगलाच येतो. केस "गळतात" म्हणतात ते बहुतेक वेळा मधेच तुटलेले असतात.

किती झेपतंय ते कळायला ओल्या केसाची परीक्षा आहे. एक ओला केस दोन्ही टोकांना धरून हलकेच ताणा. ताणून परत जागेवर आला तर ठीक. च्युइंगमसारखा लांबतच गेला किंवा पटकन तुटला तर आता ब्लीच नाही, कात्री. एका दिवसात दोनदा ब्लीच करून पिवळ्यापर्यंत जायचा नाद तर नकोच. कुणाला खरंच फिका पिवळा, राखाडी, निळा, गुलाबी असलं काही हवं असेल, किंवा केसांवर आधीपासून काळा डाय वर्षानुवर्षं बसला असेल, तर त्यांनी चांगल्या पार्लरलाच जावं, तिथं दिलेले पैसे वाया जात नाहीत. काळ्यावरून तपकिरी-तांबूस एवढीच शेड घरी करण्याजोगी आहे.

नंतरची काळजी

पहिले दोन दिवस धुवायचं नाही. मग कोमट किंवा गार पाणी, सौम्य शॅम्पू मुळांना, कंडिशनर शेंड्यांना प्रत्येक वेळी, कारण कंडिशनर किंचित आंबट असतो आणि उघडलेले खवले त्यानं परत खाली बसतात. ज्यांच्याकडं बोअरचं पाणी येतं त्यांना मी शेवटचा तांब्या तरी पिण्याच्या पाण्याचा घ्यायला सांगते, जड पाण्यातले क्षार साठून रंग मळकट होतो. ओले असताना केस सगळ्यात कच्चे असतात, तेव्हा रुंद दाताची फणी, तीही शेंड्याकडून सुरू करून वर. टोनर धुण्यागणिक उतरतो, पाच-सहा आठवड्यांनी नारंगी परत डोकावतो, तेव्हा ब्लीच नाही, फक्त टोनर परत. मुळं मात्र वाढली तरी टचअप लागत नाही, वर काळंच असायचं असतं ना.

भाचीचे केस सुकल्यावर तिला गच्चीवर उन्हात उभं केलं. वर काळे, खांद्याखाली गडद तपकिरी, आणि शेंडे तांबूस गुळासारखे. डब्यावरच्या बाईसारखे नाहीत. तिनं फोनवर आईला दाखवले, आक्का पलीकडून म्हणाली, "उन्हानं झालेत व्हय गं?" फेब्रुवारीत शेंड्याची दोन बोटं कापली तेव्हा ते तुकडे मी टाकू दिले नाहीत. दोऱ्यानं बांधून लिफाफ्यात ठेवलेत. उन्हाळ्याच्या सुट्टीत तिला बरगंडी करून बघायचंय म्हणतेय, पहिलं त्यांच्यावर होईल.